उपकेंद्रातली पट्टी आणि मूत्रपिंडाचे केशिकागुच्छ

प्रति,
जिल्हा आरोग्य अधिकारी, सोलापूर जिल्हा परिषद
आणि
आरोग्य अधिकारी, सोलापूर महानगरपालिका

विषय: केशिकागुच्छांच्या आजारांची कारणे, प्रकार आणि गावपातळीवरची लघवीची तपासणी

महोदय,

मूत्रपिंडात रक्त गाळण्याचे काम केशिकागुच्छ, म्हणजेच ग्लोमेरुलस करतात. प्रत्येक मूत्रपिंडात असे सरासरी दहा लाख गुच्छ असतात आणि एकेकाचा व्यास सुमारे ०.२ मिलिमीटर असतो. अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचे वेटोळे आणि त्याभोवती बोमनचे संपुट अशी त्यांची रचना असते. रक्त आणि लघवी यांच्यामध्ये तीन थर असतात: रक्तवाहिनीचे सच्छिद्र अस्तर, त्याखालचा आधारपटल, आणि बाहेरून बोटांत बोटे गुंतवून बसलेल्या पोडोसाइट पेशी. ही गाळणी दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळते. त्यातला दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर पडतो, बाकीचा पुढच्या नलिका परत शोषून घेतात. पाणी, मीठ, युरिया पलीकडे जातात; रक्तपेशी आणि अल्ब्युमिनसारखी प्रथिने अलीकडेच राहतात. गाळणी बिघडली की नेमके हेच उलटते. प्रथिने लघवीत उतरतात, कधी रक्तही उतरते.

यात दुखत काहीच नाही. मुतखड्याची कळ आली की माणूस रात्रीच्या रात्री दवाखाना गाठतो. केशिकागुच्छ मात्र निमूटपणे बाद होत जातात. रक्तातले क्रिएटिनिन नेहमीच्या मर्यादेबाहेर जाते तोवर गाळण्याची निम्मी ताकद बहुधा गेलेली असते. लघवीतले प्रथिन त्याच्या कितीतरी आधी, अनेकदा काही वर्षे आधी दिसू लागते. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातले डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अंगावरची सूज, लघवीतले अल्ब्युमिन आणि बिघडलेले मूत्रपिंड यांचा संबंध दाखवला तो चमचाभर लघवी मेणबत्तीवर तापवून. तापवल्यावर ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी साकळली की निदान होई. आज त्या चमच्याची जागा रंग बदलणाऱ्या पट्टीने घेतली आहे. ही पट्टी सोलापूर जिल्ह्यातल्या उपकेंद्रांना नवी नाही. गरोदर मातेच्या तपासणीत आरोग्यसेविका लघवीतले अल्ब्युमिन आणि साखर तिच्यावरच पाहते. तीच पट्टी बाकीच्या काही ठरावीक माणसांसाठीही वापरली जावी, एवढीच या पत्रातली मागणी आहे. ती का, हे आजारांचे प्रकार पाहिल्यावर कळते.

शंभरेक वर्षे या सगळ्या आजारांना मिळून ‘ब्राइटचा आजार’ हे एकच नाव होते. १९५१ मध्ये कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि ब्रुन यांनी सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढण्याची, म्हणजे बायॉप्सीची पद्धत प्रसिद्ध केली आणि मग एकेक प्रकार वेगळा ओळखू येऊ लागला. रुग्णाकडे पाहून मात्र आजही दोन मुख्य चित्रे दिसतात. पहिले नेफ्रोटिक: दिवसाला साडेतीन ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिन लघवीतून जाते, रक्तातले अल्ब्युमिन घटते, सकाळी डोळ्यांभोवती आणि संध्याकाळी पायांवर सूज येते, लघवीला फेस येतो. दुसरे नेफ्रिटिक: गुच्छांना दाह होतो, लघवी चहाच्या पाण्यासारखी लालसर-तपकिरी आणि कमी होते, रक्तदाब चढतो. यांखेरीज एक तिसरी अवस्था असते: माणसाला काहीच जाणवत नाही, फक्त तपासणीत प्रथिन किंवा रक्त सापडते. आणि असे लोक पहिल्या दोन्हींपेक्षा जास्त असतात.

लहान मुलांतला नेफ्रोटिक आजार बहुतेक वेळा ‘मिनिमल चेंज’ प्रकारचा असतो. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली गुच्छ धडधाकट दिसतात. पोडोसाइट पेशींची बोटे सपाट झालेली असतात ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातच दिसतात. दोन ते सहा वर्षांचे मूल अचानक सुजते, आणि ‘बाळ बाळसे धरतेय’ म्हणून घरात कौतुकही होते. दहातली आठ-नऊ मुले प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने बरी होतात. नेहमीची पद्धत सहा आठवडे रोज आणि नंतर सहा आठवडे एक दिवसाआड अशी आहे. तोंड सुजले, स्टेरॉइडची भीती वाटली म्हणून गोळ्या मध्येच बंद करणे आणि जडीबुटीकडे वळणे हे या आजारातले सर्वांत मोठे नुकसान आहे. आजार बहुतेक मुलांत परत परत उलटतो. पण उलटला तरी मूत्रपिंड सहसा निकामी होत नाही, हे आईवडिलांना पहिल्याच भेटीत सांगायला हवे. त्यांना घरी लघवी तपासायला शिकवले तर सूज येण्याआधीच आजार उलटल्याचे कळते. काही मुलांना स्टेरॉइड लागू पडत नाही. त्यांच्यात ‘एफएसजीएस’ हा प्रकार, म्हणजे काही गुच्छांच्या काही भागांत व्रण होणे, किंवा जन्मजात जनुकीय दोष असण्याची शक्यता वाढते. १९९८ मध्ये सापडलेले नेफ्रिन हे पोडोसाइटमधले प्रथिन अशाच एका जन्मजात आजाराच्या अभ्यासातून हाती आले. सोलापूर भागात मामा-भाची आणि आते-मामे भावंडांची लग्ने अनेक समाजांत होत आली आहेत. आईवडील दोघांकडून एकच सदोष जनुक आल्याने होणारे प्रकार अशा घरांत जास्त दिसू शकतात. म्हणून नात्यातल्या लग्नाची नोंद मुलाच्या केसपेपरवर, कुणालाही दोष न देता, व्हायलाच हवी.

मोठ्यांच्या नेफ्रोटिक आजारात एफएसजीएस आणि मेम्ब्रेनस हे दोन प्रकार पुढे असतात. एफएसजीएस कधी आपोआप होतो. कधी लठ्ठपणामुळे, कधी जन्मतःच कमी वजन आणि त्यामुळे गुच्छ कमी असल्याने, तर कधी आधीच्या आजारातून उरलेल्या गुच्छांवर जादा भार पडल्याने. मेम्ब्रेनस प्रकारात आधारपटलाच्या बाहेरच्या बाजूला प्रतिपिंडांचा थर साचतो. २००९ मध्ये पीएलए२आर हे लक्ष्य सापडले आणि सुमारे ७० टक्के प्राथमिक मेम्ब्रेनस रुग्णांचे कोडे सुटले. आता रक्ताच्या एका चाचणीने बऱ्याच जणांचे निदान होते. बाकीच्यांत कारण शोधावे लागते: हिपॅटायटिस बी, ल्युपस, कर्करोग, वेदनाशामक गोळ्या, आणि पारा.

पाऱ्याबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातल्या तीन स्त्रियांना केशिकागुच्छांचा आजार झाल्याचे समोर आले. तिघी चेहरा उजळवणारे एकच क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या मूत्रपिंड विभागाने पाठपुरावा केला आणि क्रीममध्ये मर्यादेच्या कितीतरी पट पारा निघाला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात पाहिलेल्या मेम्ब्रेनसच्या २२ रुग्णांपैकी १५ जणांत नेल-१ नावाचा, एरवी विरळ दिसणारा उपप्रकार होता. त्या १५ पैकी १३ जण असलीच क्रीम वापरत होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २०२२ मध्ये हाच नेल-१ प्रकार पारा असलेल्या पारंपरिक औषधांशी जोडून दाखवला. भारताच्या नियमांनुसार सौंदर्यप्रसाधनात नकळत येणारा पारा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त असता कामा नये. बाजारात मात्र कंपनीचे नाव नसलेल्या, पत्ता नसलेल्या डब्या मिळतात. यातली दिलासा देणारी गोष्ट अशी की क्रीम बंद केले की बहुतेकांचे प्रथिन कमी होत जाते. त्यासाठी सुजलेल्या रुग्णाला कुणीतरी ‘चेहऱ्याला काय लावता, कुठले भस्म किंवा पुडी घेता’ हे विचारायला हवे. न विचारल्यामुळे एखाद्या तरुण मुलीला महिनोन्‌महिने जबर औषधे द्यावी लागणे फार वाईट.

दाहाच्या गटात सोलापूरशी सर्वांत जवळचा प्रकार म्हणजे स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या संसर्गानंतर होणारा नेफ्रायटिस. घसा बिघडल्यावर एक ते तीन आठवड्यांनी, कातडीवर पू झाल्यावर तीन ते सहा आठवड्यांनी मूल सुजते, लघवी लालसर होते. जंतू मूत्रपिंडात शिरत नाही. त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे आणि पूरक प्रथिने गुच्छांत अडकून दाह करतात. थंड देशांत याचे मूळ घशात असते, उष्ण प्रदेशात जास्त करून कातडीत. आणि कातडीतल्या पुवाचे एक मोठे कारण खरूज. खाजवून खाजवून कातडी फुटते, तिथे स्ट्रेप्टोकोकस शिरतो. एका खोलीत सातआठ जण झोपतात तिथे, ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांत, आश्रमशाळा आणि वसतिगृहांत खरूज पसरते. शहरात वर्षानुवर्षे नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येत आले आहे. अंथरूण-पांघरूण धुवायला पाणी पुरत नाही. खरजेला मलम एकट्या मुलाला लावून उपयोग नसतो. घरातल्या सगळ्यांना एकाच रात्री मानेपासून पायांपर्यंत पर्मेथ्रिन, आणि आठवड्याने पुन्हा, हाच उपचार आहे. घरटी एकच ट्यूब दिली की खरूज फिरत राहते. खरूज आवरणे हे मूत्रपिंड वाचवण्याचे काम आहे, असे जिल्ह्याच्या आरोग्य आराखड्यात लिहिले जावे.

मुलांतला हा आजार बहुधा पूर्ण बरा होतो. मीठ आणि पाणी आटोक्यात ठेवणे, लघवी वाढवणारे औषध आणि रक्तदाबावर लक्ष एवढ्यावर दोनेक आठवड्यांत सूज उतरते. रक्तातले सी-३ हे पूरक प्रथिन सहा ते आठ आठवड्यांत पूर्ववत होते. ते झाले नाही तर निदान दुसरे असू शकते. मोठ्यांचे तसे नाही. मधुमेही माणसाच्या पायाच्या जखमेतून किंवा स्टॅफिलोकोकसच्या संसर्गातून होणारा नेफ्रायटिस मूत्रपिंड कायमचे अधू करू शकतो.

घसा दुखायला लागून एक-दोन दिवसांतच लघवी लाल झाली तर तो बहुधा आयजीए नेफ्रोपॅथी. पॅरिसच्या झाँ बर्जे यांनी १९६८ मध्ये तो वेगळा ओळखला. जगभरातला हा सर्वांत जास्त आढळणारा प्राथमिक केशिकागुच्छ आजार आहे. बऱ्याच रुग्णांत लघवी कधीच लाल होत नाही. तिशीतल्या तरुणाचा रक्तदाब वाढलेला निघतो, गोळी सुरू होते, लघवी कुणी पाहत नाही, आणि काही वर्षांनी क्रिएटिनिन सहावर गेल्यावर तो रुग्णालयात येतो. तरुणपणी वाढलेला रक्तदाब हे लघवी तपासण्याचे पुरेसे कारण आहे.

ल्युपस मुख्यतः तरुण स्त्रियांचा आजार. सांधेदुखी, केस गळणे, चेहऱ्यावर चट्टा, तोंडात फोड, आणि निम्म्यापर्यंत रुग्णांत मूत्रपिंडाचा दाह. त्याचे सहा वर्ग बायॉप्सीवर ठरतात आणि औषध वर्गावर ठरते. हिपॅटायटिस सी, एचआयव्ही, मलेरिया यांचेही आपापले केशिकागुच्छ आजार आहेत. जुना क्षय, कुष्ठरोग किंवा वर्षानुवर्षांचा संधिवात यांतून अमायलॉइड नावाचे प्रथिन गुच्छांत साचते; क्षयाचा कोर्स पूर्ण झालेल्या माणसाचे पाय नंतर सुजू लागले तर त्याचा विचार व्हावा. अल्पोर्टच्या आजारात आधारपटलातले कोलॅजन जन्मतःच सदोष असते, त्यामुळे घरातल्या मुलग्यांना लघवीत रक्त आणि पुढे बहिरेपण येते. या सगळ्यांत घाईचा प्रकार एकच. एएनसीए प्रतिपिंडे, आधारपटलाविरुद्धची प्रतिपिंडे किंवा तीव्र ल्युपस यांमुळे गुच्छांत चंद्रकोरीच्या आकाराचा पेशींचा थर भरतो आणि मूत्रपिंड काही आठवड्यांत बंद पडते. लाल लघवी, कमी लघवी, खोकल्यातून रक्त, चढत जाणारे क्रिएटिनिन असे दिसले की त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. चार दिवसांनी या, असे इथे म्हणता येत नाही.

संख्येने मात्र या सर्वांना मागे टाकतो तो मधुमेह. त्याला लोक साखरेचा आजार समजतात, पण मूत्रपिंडापुरता तो केशिकागुच्छांचाच आजार आहे. जास्त साखरेने गुच्छांतला दाब वाढतो, आधारपटल जाड होतो, मधला पेशीभाग फुगतो, शेवटी गाठी होतात. त्या गाठी किमेलस्टील आणि विल्सन यांनी १९३६ मध्ये वर्णिल्या. टाइप २ मधुमेह कळतो तेव्हा तो आधीच काही वर्षांचा असतो, म्हणून निदानाच्या दिवशीच लघवीतले अल्ब्युमिन पाहावे आणि नंतर दरवर्षी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने देशात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मूत्रपिंडविकार नोंदवहीत ५२ हजारांहून जास्त रुग्णांपैकी ३१ टक्क्यांचे कारण मधुमेह होते, १४ टक्क्यांचे जुनाट केशिकागुच्छ-दाह, आणि १६ टक्क्यांचे कारण कळलेच नव्हते. जवळजवळ निम्मे रुग्ण शेवटच्या, पाचव्या टप्प्यात पहिल्यांदा तज्ज्ञापुढे आले होते. तोवर मूत्रपिंड आक्रसून गेलेले असते, बायॉप्सी करून काही कळत नाही, आणि मूळ आजार कुठला होता हे कायमचे अज्ञात राहते.

सोलापूरच्या उन्हाबद्दल एक खुलासा. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, आणि उसाच्या फडात, यंत्रमागाच्या शेडमध्ये राबणाऱ्यांचे मूत्रपिंड उन्हाने बिघडते अशी चर्चा होते. मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड मजुरांत आणि आंध्रातल्या उद्दानम भागात दिसलेला आजार मुख्यतः नलिका आणि त्यांच्या भोवतालच्या ऊतींचा आहे, केशिकागुच्छांचा नव्हे. त्यात लघवीत प्रथिन फार कमी जाते, त्यामुळे पट्टी तो पकडणार नाही. त्यासाठी क्रिएटिनिनच लागेल. अंगदुखीसाठी रोज घेतल्या जाणाऱ्या पेनकिलर गोळ्या मात्र दोन्हीकडे घात करतात. पाणी कमी पडलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात आणि क्वचित मिनिमल चेंज किंवा मेम्ब्रेनस आजारही घडवतात.

पट्टीलाही मर्यादा आहेत. ताप, जोराची अंगमेहनत, मासिक पाळी, आणि उन्हाळ्यातली दाट लघवी यांमुळे ती खोटी ‘एक अधिक’ दाखवू शकते. अगदी थोडे अल्ब्युमिन तिला कळत नाही. मधुमेह्यासाठी अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तरच हवे. सकाळची पहिली लघवी, आणि सदोष निघाली तर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा, एवढे पाळले तर ती भरवशाची आहे. जपानने १९७४ पासून शाळकरी मुलांची लघवी दरवर्षी तपासली आहे आणि तिथे आयजीए नेफ्रोपॅथी लहानपणीच सापडते. सोलापुरात सगळ्या शाळांपासून सुरुवात करण्याची गरज नाही. आधी यांची लघवी तपासली जावी: मधुमेह किंवा रक्तदाब असलेली प्रत्येक व्यक्ती. खरूज, गळवे झालेली आणि सुजलेली मुले. गरोदरपणात लघवीत प्रथिन गेलेल्या आणि बाळंतपणानंतर तीन महिन्यांनीही ते टिकलेल्या माता. घरात कुणी डायलिसिसवर असलेली माणसे. आणि लघवीला फेस येतो असे स्वतःहून सांगणारे. उपकेंद्रे, नागरी आरोग्य केंद्रे, कुंभारीच्या विडी घरकुलासारख्या वसाहतींतली शिबिरे, गाळप हंगामात साखर कारखान्यांच्या तळावरची शिबिरे, इथे हे काम आहे त्याच कर्मचाऱ्यांकडून होऊ शकते.

प्रथिन सापडल्यावर पुढची वाट ठरलेली असावी: रक्तदाब, क्रिएटिनिन, सोनोग्राफी, आणि गरज असेल तर बायॉप्सी. ‘सुई टाकली की किडनी जाते’ ही भीती गावोगाव आहे. सोनोग्राफीखाली काढलेल्या तुकड्याने काही तास लघवी लाल होऊ शकते. मूत्रपिंड गमावण्याची वेळ फार विरळा. तुकड्यात दहा-पंधरा गुच्छ आले आणि तो इम्युनोफ्लुरोसन्ससाठी योग्य द्रावणात ठेवला तरच आयजीएसारखे निदान होते, म्हणून नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पाठवताना दोन वेगळ्या बाटल्या लागतात. उपचारांत आता बरेच हाती आहे. रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनच्या गटातली गोळी गुच्छांतला दाब आणि प्रथिन दोन्ही कमी करते; डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटाने मधुमेह नसलेल्यांनाही फायदा होतो; मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत आणि तंबाखू, विडी बंद. स्टेरॉइड, सायक्लोफॉस्फामाइड, मायकोफेनोलेट, रिटुक्सिमॅब यांतले काय द्यायचे हे प्रकारावर ठरते.

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत सोलापूर होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते आणि डायलिसिसचा व प्रत्यारोपणाचा खर्च तीत मिळतो. पण प्रत्यारोपणातही मूळ आजार माहीत असावा लागतो. एफएसजीएस नव्या मूत्रपिंडात काही दिवसांतही उलटू शकतो, आयजीए वर्षांनी, अल्पोर्ट सहसा नाही. म्हणून उपकेंद्रातून सिव्हिल रुग्णालयाला जाणाऱ्या चिठ्ठीवर पुढील गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: पट्टीवर प्रथिन किती अधिक, रक्त आहे की नाही, रक्तदाब, सूज केव्हापासून, आधी घसा की कातडी, क्रीम किंवा पुडी, पेनकिलर, नात्यातले लग्न, आणि घरातला डायलिसिसचा रुग्ण. चिठ्ठीचा हा नमुना मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही छापला जावा, म्हणजे रुग्णाच्या घरच्यांना तो वाचता येईल.

कळावे,
सोलापूरचे एक नागरिक